उशीतली हाक

मृण्मयी निकम घोरते हे मिरजेतल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिच्यासमोर ते कोणी कधी बोलत नसे. पुरुष घोरला तर लोक त्याची चेष्टा करून मोकळे होतात. बाई घोरली की सगळे एकदम सभ्य होतात, आणि तो सभ्यपणा फार बोचतो.

तिचे यजमान चंद्रहास निकम अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाले होते. सरळ माणूस. आवाज चढवायचा नाही, कोणाच्या मनाला लागेल असं बोलायचं नाही. त्यांनी घोरण्यावरून बायकोला कधी एक शब्द ऐकवला नाही. आधी ते मुकाट्याने शेजारच्या खोलीत झोपायला गेले. मग शांतपट्ट्या बाजारात आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही खोल्यांमधल्या भिंतीला एक बसवून घेतली. ती पट्टी पलीकडचा आवाज ऐकते आणि त्याच्या नेमकी उलटी लाट सोडते. दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि अलीकडे काही ऐकू येत नाही. घर शांत झालं. चंद्रहास इतक्या वर्षांनी गाढ झोपू लागले, त्यांचा चेहरा तजेलदार दिसू लागला. भिंतीपलीकडे मृण्मयीचा श्वास मधूनमधून थांबतो, हे ऐकायला मात्र आता घरात कोणी राहिलं नव्हतं.

थांबतो हे तिलाही माहीत नव्हतं. तिला फक्त एवढंच कळत होतं की सकाळी उठल्यावर डोकं जड असतं, तोंड कोरडं पडलेलं असतं आणि दुपारपर्यंत डोळे मिटायला लागतात. वय झालं, असं तिने स्वतःला समजावलं. सत्तावन्न म्हणजे काही फार वय नव्हे, पण स्वतःची समजूत घालायला पुरेसं होतं.

संक्रांतीनंतर तिने घरी हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून छान काचेच्या बरण्या आणल्या होत्या. दिवाणखाना भरला, गप्पा रंगल्या. वरच्या मजल्यावरच्या खाडिलकरबाई आपल्या लेकीच्या नव्या घराचं वर्णन करत होत्या आणि मृण्मयी हातात करंडा घेऊन त्यांच्याजवळ क्षणभर टेकली. लेकीच्या घराच्या स्वयंपाकघरापर्यंत वर्णन आल्याचं तिला आठवत होतं. पुढचं काही आठवत नव्हतं. जाग आली तेव्हा दिवाणखाना रिकामा होता. तिच्या मानेखाली कोणीतरी लोड सरकवला होता. बायकांनी एकमेकींना हळदीकुंकू लावून घेतलं होतं, आपापल्या बरण्या उचलल्या होत्या आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं होतं. एकीनेही तिला हलवून उठवलं नाही. ती किती वेळ घोरत होती, हे विचारायला सुद्धा कोणी नव्हतं. ती तशीच बसून रडली आणि चंद्रहास फिरून यायच्या आत तिने तोंड धुतलं.

त्याच आठवड्यात जिना चढताना तिच्या छातीत काहीतरी फडफडलं आणि ती पायरीवरच बसली. चंद्रहासांनी वेळ घालवला नाही. ते तिला थेट निद्रा-उपचार केंद्रात घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टर नाझनीन जमादार मिरजेच्याच होत्या, बोलायला मोकळ्या. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की झोपेत अंगातले सगळे स्नायू सैल पडतात, तसे घशातलेही पडतात. जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि हवेची वाट अरुंद होते. त्या चिंचोळ्या वाटेतून हवा जाताना हे मऊ भाग थरथरतात, तेच घोरणं. काही माणसांत ही वाट पार मिटते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरतो आणि माणसाला अर्धवट उठवतो. वाट उघडते, एक मोठा श्वास आत येतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. रात्रभर हेच चाललं की रक्तदाब चढतो, साखर वाढते, विसरायला होतं, आणि सगळ्यात जास्त हाल हृदयाचे होतात.

“तुम्हाला वाटतं तुम्ही झोपता,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही रात्रभर बुडता आणि वर येता. तुमच्या हृदयाची लय आता सुटायला लागलीय. असंच चालू राहिलं तर एखाद्या रात्री वर येणं होणार नाही.”

डॉक्टरांनी आधी जुना, खात्रीचा उपाय केला: नाकावर मास्क लावून हवेचा दाब द्यायचा. लाखो लोक तसे सुखाने झोपतात. मृण्मयी मात्र झोपेत तो मास्क ओरबाडून काढायची आणि सकाळी तो पलंगाखाली सापडायचा. वेगवेगळ्या आकारांचे मास्क झाले, सगळ्यांची गत तीच. जिभेच्या मज्जातंतूला तार बसवायची शस्त्रक्रिया तिच्या हृदयाला झेपणार नव्हती. मग डॉक्टरांनी ‘साद’ काढलं.

साद हे यंत्र तेव्हा नवीन होतं, एका साध्या उशीत मावणारं. त्यामागची कल्पना अशी की माणूस झोपला तरी त्याचे कान झोपत नाहीत. मेंदू येणारा प्रत्येक आवाज चाळून बघतो. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ट्रक, शेजारचा टीव्ही, हे सगळं तो बाजूला टाकतो. पण ओळखीच्या माणसाने आपल्या नावाने मारलेली हाक त्या चाळणीतून खाली उतरते. ती पोचली की मेंदूत एक लाट उठते, आणि माणूस जागा होण्याच्या अगोदर, अगदी निमिषभर, घशाचे स्नायू ताठ होतात. संशोधकांनी तेवढं निमिष पकडलं होतं. उशीतला कान श्वास ऐकत राहायचा, आणि वाट मिटायला लागल्याचं कळताच जाग येणार नाही इतक्या हळू आवाजात हाक मारायचा. वाट उघडायची, झोप मोडायची नाही.

अट एकच होती. खोटे आवाज बनवून लोकांना लुबाडण्याचा धंदा मध्ये फार बोकाळला होता, म्हणून कडक कायदा आला होता. कोणाचाही आवाज यंत्रात भरायचा तर त्या माणसाने जिवंतपणी, स्वतः येऊन तो द्यायचा. वाटेल तेव्हा तो परत घ्यायचा हक्कही त्याला होता.

यात अडचण काय येणार? चंद्रहासांनी घसा खाकरून आवाज दिला. ‘मृण्मयी’ म्हणाले, ‘अगं’ म्हणाले, ‘ऐकतेस का’ म्हणाले. केंद्रात काम करणाऱ्या मुली ते वर्गात शिकवल्यासारखे स्पष्ट उच्चार ऐकून हसल्या. त्या रात्री मृण्मयी डोक्याला तारा लावून त्या उशीवर झोपली. सकाळी डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवला. चंद्रहासांच्या ‘मृण्मयी’ला एकही लाट उठली नव्हती. ‘अगं’ला तर मेंदूने पंख्याबरोबर बाजूला टाकलं होतं.

चंद्रहास बराच वेळ त्या सपाट रेषेकडे बघत राहिले. घरी येताना रिक्षात त्यांनी तोंड बाहेर वळवून ठेवलं होतं.

मग पुण्याहून तन्मय आला. आईसाठी एक दिवस रजा काढली, ‘आई’ अशी हाक भरून दिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. ती हाक पोचली, जरा जास्तच पोचली. पहिल्याच हाकेला मृण्मयी खाडकन उठून बसली, पाय खाली टाकले आणि तारांसकट दाराकडे चालू लागली. आवाज कितीही बारीक केला तरी तेच. लेकराने हाक मारली की आईने झोपून राहायचं, हे तिच्या मेंदूला मान्यच नव्हतं.

डॉक्टर जमादार विचारात पडल्या. साद लागू न पडणारी ही काही पहिली बाई नव्हती. अशा आणखी काही जणी होत्या, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या, सगळ्या लग्न झालेल्या. पुरुषांत हा त्रास जवळपास नव्हता, तरुण मुलींतही नव्हता. यंत्र बनवणारे परदेशातले. त्यांना याचं कारण सुचणं शक्य नव्हतं. डॉक्टरांना ते सुचलं, पण उशिरा, कारण त्यांच्या स्वतःच्या समाजात लग्नात बायकोचं नाव बदलत नसत.

“आधी विचारलं होतं, परत विचारते,” त्या म्हणाल्या. “लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?”

“हेच,” मृण्मयी म्हणाली. पहिल्या दिवशीही ती हेच म्हणाली होती. इतकी वर्षं ती सगळ्यांना असंच सांगत आली होती, त्यामुळे आपण खोटं बोलतोय असंही तिला वाटलं नाही.

चंद्रहास फरशीकडे बघत होते. नाव त्यांनीच निवडलं होतं, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने त्यांनीच लिहिलं होतं. बायको सांगत नाही ते आपण कसं सांगायचं, असं त्यांना झालं. शेवटी हळूच म्हणाले, “सांग ना. जिवाचा प्रश्न आहे.”

“भागीरथी,” ती म्हणाली. “घरी भागी म्हणायचे.”

तिचं हे नाव कोणी सक्तीने पुसलं नव्हतं, हे आपण मान्य केलं पाहिजे. सिंधुदुर्गातल्या एका गावात आजीचं नाव मिळालेली ही मुलगी शाळेत त्या नावापायी रडकुंडीला येई. वर्गात सगळ्या प्रियांका आणि पूजा, आणि ही भागीरथी परब. नवं नाव ताटात उमटलं तेव्हा तिला मनापासून आनंद झाला होता. मिरजेत आल्यावर तिने भागीला गाठोड्यात बांधलं आणि ते गाठोडं कुठे ठेवलं हेही विसरायचा प्रयत्न केला.

डॉक्टरांनी त्या रात्री एक साधी गोष्ट केली. स्वतःच्याच आवाजात दोन्ही नावं भरली. आलेख बघून सकाळी त्या स्वतःच हसल्या. ‘मृण्मयी’ला रेषा सपाट. ‘भागीरथी’ला बारीकशी लाट. ‘भागी’ला त्याहून मोठी, परक्या बाईच्या तोंडून आली तरीही. लहानपणी बसलेलं नाव मेंदूत फार खोल जातं, त्यांनी समजावलं. बहुतेकांचं नाव जन्मभर तेच राहतं म्हणून हा फरक कोणाच्या लक्षात आला नाही. आता फक्त ओळखीचा आवाज हवा होता, लहानपणी त्या नावाने हाक मारणाऱ्या माणसाचा.

“मग मी इतकी वर्षं कोणाला हाक मारत होतो?” चंद्रहासांनी विचारलं. डॉक्टरांना विचारलं की बायकोला, हे कळलं नाही.

आईवडील जाऊन खूप वर्षं झाली होती. राहिला होता एक भाऊ, दादा. गणपत परब, गावात भाताची गिरण चालवणारा.

दादाचं नाव निघालं आणि मृण्मयीला तन्मयचं बारसं आठवलं. हॉल चंद्रहासांच्या सहकाऱ्यांनी भरलेला होता, सगळी प्राध्यापक मंडळी. दादा रात्रभर एसटीत बसून आला होता, डोक्यावर शहाळ्यांचं पोतं घेऊन. गिरणीच्या आवाजात बोलून बोलून त्याचा गळा कायमचा मोठा झाला होता. फाटकातूनच तिला शोधत तो ओरडला, “गो भागी, खय आसस?” हॉलमध्ये हशा पिकला. हशा काही वाईट मनाचा नव्हता, पण सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं बारीक हसू तिला झोंबलं. तिने दादाला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं की इथे मला त्या नावाने हाक मारायची नाही.

दादा वाद घालणाऱ्यांतला नव्हता. त्याने मान हलवली. पुढे काही भाऊबिजा झाल्या. तो यायचा, ओवाळून घ्यायचा, पण तिला कुठल्याच नावाने हाक मारायचा नाही. नवं नाव त्याच्या जिभेवर बसेना आणि जुन्याला बंदी होती. असं किती दिवस बोलणार? येणं विरळ झालं, मग थांबलं. कोणी कोणाशी भांडलं नाही, म्हणून समेट करायचीही सोय राहिली नाही.

मृण्मयी एकटीच गेली. चंद्रहास येतो म्हणाले होते, तिने नको म्हटलं. आंबोलीच्या घाटात आता चालकाविना बस चालत होत्या. वळणावळणाला गाडी आपोआप हळू व्हायची आणि मृण्मयीला डुलकी लागायची. प्रत्येक डुलकीतून ती गुदमरून जागी झाली. शेजारच्या सीटवरचा मुलगा उठून मागे जाऊन बसला. दादाला काय सांगायचं, याची जुळवाजुळव तिला एकदाही पुरी करता आली नाही.

गिरण तीच होती, पत्रे तेवढे नवे. भाताच्या कोंड्याचा वास दारातच नाकात शिरला. दादाच्या भुवयांवर, मिशीवर कोंडा बसला होता. त्याने तिला बघितलं, बघतच राहिला आणि मग हात लांब करून मशीन बंद केलं.

“इलात?” तो म्हणाला. “येवा, बसा.”

परक्या बाईशी बोलावं तसा तो आदराने बोलला, आणि ते ऐकून मृण्मयीला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण ती बसली. मशीन बंद असूनही दादाला नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे श्वासाची, हृदयाची, उशीची सगळी हकीकत तिला मोठ्याने ओरडून सांगावी लागली. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून ऐकून गेली. दादाला उशीचं काही कळलं असेल असं तिला वाटलं नाही. तिने पुढे बारशाची गोष्ट काढली, माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा तो उठून पाणी आणायला गेला.

पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवून तो म्हणाला, “हो फाटको आवाज कोणाक होयो?”

“मला हवाय,” ती म्हणाली.

“मगे कधी येवचा लागतला?” त्याने विचारलं. एवढंच.

मिरजेला येताना बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि घाट संपेपर्यंत बाहेर बघत राहिला. ती झोपली की तो तिच्याकडे वळून बघत असावा, कारण दोनदा ती जागी झाली तेव्हा त्याने घाईने तोंड फिरवलं. घरी चंद्रहासांनी त्याचं छान स्वागत केलं, ताटात वाढून दिलं, गिरणीच्या मोटारीबद्दल आस्थेने विचारलं. दादा मृण्मयीशी बोलताना ‘तुमी’च म्हणत होता. नाव एकदाही नाही.

केंद्रात आवाज भरायच्या खोलीला जाड काच होती. मृण्मयी आत जायला निघाली तर डॉक्टरांनी तिला बाहेर थांबवलं. का ते नंतर सांगते म्हणाल्या. काचेतून तिला दिसत होतं: दादा माइकसमोर अंग चोरून बसला होता. त्याने तोंड उघडलं आणि आतली मुलगी दचकून मागे सरकली. मुलीने हाताने खुणा केल्या, हळू, हळू. त्याने परत तोंड उघडलं, परत मुलीने कानातली यंत्रं काढली. हळू बोलणं त्याला जमतच नव्हतं. असं बराच वेळ चाललं. मग त्याने डोळे मिटले आणि पुढे वाकून अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसे ओठ हलवले. दोन अक्षरं होती. मृण्मयीला ती दिसली, ऐकू आली नाहीत. आतली मुलगी मान डोलावत होती.

त्या रात्री साद लागू पडलं. दादाच्या प्रत्येक हाकेला लाट उठली, वाट उघडली आणि ऑक्सिजनची रेषा रात्रभर उतरली नाही. मृण्मयी सकाळी उठली तेव्हा तिला आपल्या अंगाचं वजनच जाणवेना. खिडकीबाहेरच्या झाडाची पानं सुटी सुटी दिसत होती. कितीतरी वर्षांत ती अशी उठली नव्हती, आणि पहिला विचार तिच्या मनात आला तो असा की दादाला जाऊन सांगावं, आता मार मला हाक, पाहिजे तिथे मार, भर बाजारात मार.

डॉक्टर आल्या त्या आनंदात होत्या, पण खुर्ची ओढून बसल्या तेव्हा त्यांचा सूर बदलला. निकमसाहेबांचा आवाज का पोचत नाही, त्या म्हणाल्या, त्याचं अर्धं कारण नाव होतं आणि अर्धं सवय. रोज कानावर पडणाऱ्या हाकेला मेंदू सरावतो आणि हळूहळू तिला सोडून द्यायला शिकतो. भावाची हाक इतकी वर्षं कानावर पडली नाही म्हणून ती अजून ताजी आहे. झोपेतल्या हाकांनी मेंदू सरावत नाही, एवढं संशोधकांनी तपासून बघितलंय. जागेपणीच्या हाकांनी सरावतो. तेव्हा ही हाक तुम्ही जागेपणी ऐकायची नाही. भाऊ भेटू दे, बोलू दे, त्या नावाने हाक मारायची नाही.

“कधीच?” मृण्मयीने विचारलं.

“तुम्हाला हे यंत्र लागतंय तोवर,” डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे कधीच.

दादा दुपारच्या बसने निघणार होता. स्टँडवर ती त्याला सोडायला गेली. केंद्रातल्या मुलीने त्याला सांगितलं होतं की तुमच्या आवाजाने काम केलं, आणि त्यामुळे तो खुलला होता. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ बघितलं. बस लागली, त्याने पायरीवर एक पाय ठेवला, मग वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की आता तो हाक मारणार.

“दादा, नको,” ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

त्याने तोंड मिटलं. तिने कारण सांगितलं, ओरडून सांगितलं, कारण स्टँडवर गाड्यांचा गोंगाट होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. हाक ताजी राहायला हवी, सवय लागली तर श्वास थांबेल, डॉक्टरांनी सांगितलंय. माणसं बघत होती, बघू देत. त्याच्या कानांत किती शिरलं कोण जाणे.

“म्हणजे तेवा पण नको,” दादा म्हणाला, “आता पण नको.”

आणि तो आत जाऊन बसला. बस निघाली तेव्हा त्याने हात हलवला की घाम पुसला, हे तिला खालून दिसलं नाही.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिने केला तर तो उचलायचा नाही. गिरणीत ऐकू येत नसेल, चंद्रहास म्हणाले. तिला तसं वाटत नव्हतं. आवाज परत घ्यायचा हक्क त्याला होता, कुठल्याही दिवशी एक निरोप पाठवला की उशी मुकी होणार होती, आणि तो दुखावून गेला होता. रोज रात्री ती धास्तीनेच डोकं टेकायची. सकाळी डोकं हलकं असलं, तोंड कोरडं नसलं की तिला कळायचं, दादाने अजून आवाज परत घेतलेला नाही. त्याची खुशाली कळायचा तेवढाच मार्ग होता.

तिची तब्येत मात्र सुधारत गेली. रक्तदाब उतरला, हृदयाची लय जागेवर आली, दुपारची झापड गेली. सोसायटीतल्या बायकांनी विचारलं की कोणता लेप लावता. घोरणं बंद झालं तशी चंद्रहासांनी भिंतीवरची शांतपट्टी स्वतःच काढली, आणि एका रात्री, काही न बोलता, आपली उशी घेऊन ते तिच्या खोलीत आले. ती लाजली, सरकून जागा केली. किती तरी वर्षांनी दोघं शेजारी झोपले. सकाळी ती उठली तेव्हा ते पलीकडच्या खोलीत होते. रात्रभर एका पुरुषाचा आवाज तिच्या कानाशी कुजबुजत होता, ते चहा पिताना म्हणाले. भागी, भागी. चूक कोणाचीच नाही, पण त्यांना झोप लागली नाही. मग त्यांनी तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. ती हाक त्यांनी ऐकली होती. सगळ्या घरात फक्त तिलाच ती कधी ऐकू येणार नव्हती.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी फोन वाजला. पलीकडे गिरणीची घरघर होती आणि त्यावरून दादाचा मोठा गळा.

“जेवलंस?” त्याने विचारलं.

सकाळचे नऊ वाजले होते. पण त्याने ‘जेवलात’ म्हटलं नव्हतं, आणि मृण्मयी घड्याळाकडे न बघता ‘हो’ म्हणाली. तो बोलत राहिला. मोटार जळली होती ती भरून आणली. सुपारीवर रोग पडलाय. फोन बिघडला होता म्हणाला, आणि तो खोटं बोलतोय हे दोघांनाही समजलं. कुठल्याही वाक्यात नाव येणार नाही याची तो काळजी घेत होता. नावाजवळ आला की थांबायचा, एक श्वास घ्यायचा आणि वळसा घालून पुढे जायचा. प्रत्येक वेळी तिथे पडलेली पोकळी तिला ऐकू येत होती.

“दादा,” ती शेवटी मोठ्याने म्हणाली. “एकदा मार ना हाक. एकदाच. एका हाकेने काही होत नाही.”

पलीकडे गिरणीची घरघर थांबली. त्याने मशीन बंद केलं होतं.

“नको गो,” तो म्हणाला, आणि इतक्या हळू आवाजात तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. “रातभर मारतंय मां. तुका ऐकाक येता काय नाय, ता माका म्हायत नाय. पण तू उठतंस मां सकाळी?”

“उठतंय,” ती म्हणाली.

“मगे झाला,” दादा म्हणाला.